व्हॅम्पायरची उजवी सीट

हर्नडन, व्हर्जिनिया
९ मार्च १९८६

ती. त्र्यंबकमामा,

ख्यालीखुशाली शेवटी विचारीन, आधी तक्रार. फोनच करणार होते, पण तुमच्या त्या डाव्या कानापायी अर्धं बोलणं वाया जातं आणि उरलेलं अर्धं विनीता दुसऱ्या फोनवरून ऐकते. तुमच्या लेकीच्या कानावर हे इतक्यात जायला नको. म्हणून पत्र.

चारूनं विमान घेतलंय. त्याच्याकडे लायसन्स आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. रविवारी भाड्याचं छोटं विमान घेऊन तास-दोन तास हिंडून यायचा, त्याला मी कधी ना म्हटलं नाही. कुणाचा नवरा गोल्फ खेळतो, माझा हे करतो. पण आता त्यानं आणि डेल नावाच्या त्याच्या एका डेंटिस्ट मित्रानं मिळून लढाऊ जेट घेतलंय. ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलानं मोडीत काढलेलं. तुकडे करून ट्रकवरून आलं, आणि इथून तासाभरावर शेतांच्या मधोमध एक लहानसं विमानतळ आहे, तिथल्या शेडमध्ये दोघं ते जोडत बसलेत. नाव काय तर व्हॅम्पायर. रक्त पिणारं भूत माणूस स्वतःहून घरात आणतो का हो?

आणि मामा, ते लाकडाचं आहे. मला आधी चेष्टाच वाटली. मी जाऊन हातानं ठोकून पाहिलं तर आईच्या कपाटासारखा आवाज. शेपटी, पंख धातूचे, पण माणसं जिथे बसतात तो मधला भाग चक्क प्लायवूड. कांचन शाळेत सांगून आली, माय डॅड हॅज अ वुडन जेट. टीचरला वाटलं खेळणं असेल.

संकटात माणसाला वर उडवून बाहेर काढणाऱ्या त्या खुर्च्या असतात ना, त्यातली स्फोटक दारूसुद्धा काढून टाकलीय म्हणे. म्हणजे काही झालं तर वरून उडी मारायची सोय नाही. हे त्यानं मला जेवताना सांगितलं, कोशिंबीर वाढ म्हणतात त्या आवाजात.

आई सांगायची की हवाई दलात असताना तुम्ही हेच विमान चालवायचात. चारू माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. त्याला एवढंच लिहा की हे धोक्याचं आहे, नाद सोड. मला दुसरं काही नको मामा, माझा नवरा जमिनीवर धडधाकट हवा.

तुमची तब्येत कशी आहे? गेल्या वर्षी छातीत कळ आली तेव्हापासून तुमचं जिने चढणं बंद आहे ना? खरं लिहा.

तुमची,
पद्मजा

*

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
१७ मार्च १९८६

चि. पद्मजा,

तुझं पत्र वाचलं, आणि नातवाच्या भूगोलाच्या पुस्तकात लपवून ठेवलं. ते पुस्तक तो उघडत नाही, तेव्हा काळजी नको.

आता ऐक. तू मला खोटं लिहायला सांगते आहेस आणि तेही माझ्या व्हॅम्पायरबद्दल. तुझ्या नवऱ्याला उद्या कुणी 'टाकाऊ' म्हटलं तर तू ऐकून घेशील का? तसंच आहे हे.

लाकडाचं का, ते सांगतो. हे विमान काढलं तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. इंग्लंडात धातूची ओढाताण, पण लाकूड होतं आणि सुतारही होते. ज्या कंपनीनं हे केलं तिचा लाकडी विमानांत हातखंडा होता. बाहेर-आत प्लायवूड आणि मध्ये बाल्सा नावाचं हलकं लाकूड, सगळं डिंकानं चिकटवलेलं. जेट इंजिन तेव्हा इतकं नवं होतं की त्याच्यात दम कमी. लांब धुरांडं लावलं तर निम्मा जोर त्यातच जिरणार. म्हणून इंजिनाचं तोंड आखूड ठेवलं आणि शेपूट धरायला दोन बाजूंना दोन दांडे काढले. कावडीसारखं दिसतं म्हणून आम्ही तरुणपणी हसायचो. वर उडाल्यावर हसू बंद व्हायचं. ताशी पाचशे मैलांच्या वर जाणारं विमान होतं ते, आणि वळायचं असं की मागे लागलेल्याची मान मोडावी. बोटीवर उतरलेलं पहिलं जेट हेच. अटलांटिक ओलांडून आलेली पहिली जेटं हीच. आपल्या हवाई दलाला अठ्ठेचाळीस साली पहिलं जेट मिळालं तेही हेच. पासष्टच्या लढाईत मात्र त्याला त्याच्याहून तरुण विमानांपुढे उभं केलं. त्यावर मी बोलत नाही.

दोष आहेत. पोटात तेल कमी मावतं. आणि इंजिन आळशी. जोर मागितला की 'आलोच' म्हणतं, उठतं, आंघोळ करतं, मग येतं. उतरताना जोर एकदम कमी केलास आणि मग पुन्हा हवा झाला तर तोपर्यंत तू शेतात. हे चारूला माहीत असेलच, तरी सांग.

लाकूड हा दोष नाही. ओल लागलेलं लाकूड हा दोष आहे. डिंक सुटला की वरून रंग तसाच राहतो आणि आत पोकळ होतं. ते बघावं लागतं. मे महिन्यात मी तिकडे येतो. विनीताला सांगीन की भाचीकडे आंबे खायला चाललोय. इथे कुठले आंबे, पण ती विचारणार नाही. लाकूड वाईट निघालं तर तुझ्या देखत ते विमान बंद करीन, हा शब्द.

तब्येत ठीक. जिने चढत नाही, लिफ्टही नाही, घरच एकमजली आहे.

तुझा,
त्र्यंबकमामा

*

हर्नडन
२ जून १९८६

ती. मामा,

तुम्हाला आग विझवायला बोलावलं होतं. तुम्ही तेल ओतून गेलात.

तुम्ही आलात तेव्हा मला किती हायसं वाटलं होतं. म्हटलं, आता कुणीतरी शहाणं माणूस बघेल. तुम्ही विमानाखाली शिरलात, खिशातून क्वार्टरचं नाणं काढलंत आणि पोटापासून नाकापर्यंत ठोकत गेलात, बाजारात नारळ वाजवून बघतात तसे. डेल तर वहीच घेऊन उभा. दोन ठिकाणी आवाज बद्द आला तेव्हा तुमचं तोंड पडलं आणि माझ्या मनात लाडू फुटले. वाटलं, झालं, बंद. तर तुम्ही म्हणता काय, एवढा तुकडा कापून नवा बसवा, मग ही पोरगी अजून वीस वर्षं नाचेल. पोरगी! मी पुरणपोळ्या कुणासाठी केल्या होत्या?

तेही चाललं असतं. पण काल चारू सहज म्हणाला की पहिल्यांदा तो स्वतः कॅप्टन म्हणून उडेल तेव्हा उजवीकडच्या सीटवर त्र्यंबकमामा असणार. तुमचं ठरलंय म्हणे. मामा, तुमचं वय काय, तुमची छाती काय? आधी एकाची काळजी होती, आता दोघांची झाली. विनीताला हे कळलं तर ती आधी तुम्हाला फाडून खाईल, मग मला.

मला उत्तर हवंय. आणि यावेळी विमानाचं कौतुक एक ओळही नको.

पद्मजा

*

वेस्ट विंडसर
११ जून १९८६

चि. पद्मजा,

कौतुक नाही. फक्त उत्तर.

मी पहिल्यांदा व्हॅम्पायरमध्ये बसलो तेव्हा दोन सीटचं विमान आलेलं नव्हतं. एकच सीट. पुस्तक वाचायला द्यायचे, पंखावर उभं राहून कुणीतरी बटणं दाखवायचा, खांद्यावर थाप मारायचा आणि म्हणायचा, जा. बस्स. आमच्या तुकडीतला एक जण पहिल्याच खेपेला गेला. अतिशय हुशार मुलगा, माझ्यापेक्षा हात चांगला. विमानात काही बिघाड नव्हता. त्याला काहीतरी विचित्र दिसलं, तो गोंधळला आणि 'घाबरू नकोस, हे असं होतं' म्हणायला शेजारी कुणी नव्हतं. पुढे दोन सीटची व्हॅम्पायर आली आणि मी शिकवणारा झालो. सीटा इतक्या जवळ की दोघांचे खांदे एकमेकांना घासतात. मी त्या उजव्या सीटवर बसून किती पोरं शिकवली ते आठवत नाही, पण एकही गमावलं नाही.

चारू हट्टी आहे, तो उडणारच. तू रड, मी रागावतो, तरी उडणार. मग त्यानं एकट्यानं जावं, की शेजारी मला घेऊन? तूच सांग. मला त्याची भीती वाटत नाही, हात चांगला आहे त्याचा. टेक्सासला जाऊन रीतसर जेट शिकून आला, कागद घेऊन आला. आधी एक पगारी वैमानिक ते विमान महिनाभर उडवून बघणार आहे. मग आम्ही.

माझ्या डॉक्टरला मी विचारलं. 'मोठ्या विमानात बसू का' असं विचारलं नाही, जे आहे तेच विचारलं. तो म्हणाला, उलट्यापालट्या मारू नका, बाकी बसा. विनीताला नंतर सांगीन. आधी सांगितलं तर ती डॉक्टर बदलेल.

आता खरं कारणही लिहितो, कारण तू ओळखलं असशीलच. मला परत एकदा वर जायचंय ग. रिटायर झाल्यापासून मी खिडकीतून बर्फ बघतो, नातवाला शाळेत सोडतो आणि तो मला 'थँक्स आजोबा, बाय' म्हणतो. वाईट काही नाही. पण मला काही येत होतं हे इथे कुणाला माहीत नाही.

तुझा,
मामा

*

हर्नडन
२८ सप्टेंबर १९८६

ती. मामा,

तुमच्या जूनच्या पत्राला उत्तर दिलं नाही. दोनदा लिहायला बसले, दोनदा उठले. त्यातल्या शेवटच्या चार ओळींवर मला भांडता येईना.

काल त्या पगारी वैमानिकानं विमान उडवलं ते बघायला चारू मला आणि कांचनला घेऊन गेला. मी गाडीतच बसणार होते. मग बाहेर आले. डोक्यावरून गेलं तेव्हा आवाज नंतर आला, विमान आधीच पुढे. सुंदर दिसतं हो. हे वाक्य चारूला सांगायचं नाही.

तर मी हरले. दसरा रविवारी आलाय, त्या दिवशी जा म्हणते. माझी एकच अट. दसऱ्याला आपण शस्त्रांची, गाड्यांची पूजा करतो, मी तुमच्या त्या पोरगीची पूजा करणार. साग्रसंगीत. हसायचं नाही आणि डेललाही हसू द्यायचं नाही. माझ्या हातात तेवढंच उरलंय, तेवढं करू द्या. मागच्या अंगणात झेंडू असा फुललाय की हार मीच करीन, कुठून आणायला नको.

शनिवारी या. विनीताला मी मंडळाच्या दसऱ्याचं निमंत्रण म्हणून सांगितलंय. माझ्या माथी आणखी एक खोटं.

तुमची,
पद्मजा

*

वेस्ट विंडसर
१६ ऑक्टोबर १९८६

चि. पद्मजा,

सुखरूप पोचलो. श्रीखंड फार छान होतं. वाटेत ट्रेनमध्ये डबा उघडून पुन्हा थोडं खाल्लं, ते विनीताला सांगू नकोस.

फार मजा आली. चारूनं विमान अगदी नीट उचललं. वर गेल्यावर खाली लाल-पिवळी झाडं, आणि पश्चिमेला निळे डोंगर. एवढ्या वर्षांनी त्या सीटवर बसलो आणि हात आपसूक जिथल्या तिथे गेले. तुझे उपकार कसे फेडू कळत नाही.

उतरताना आम्ही दोनदा येऊन परत गेलो ते मुद्दामच. चारूला सराव करायचा होता. तुला भीती वाटली असेल तर त्याची माफी.

पूजा मनासारखी झाली ना? तू हळद-कुंकू लावलंस, नाकाला नमस्कार केलास, नारळ फोडलास, मला आवडलं. डेलनं हात जोडले तेही आवडलं. एकच, पुढच्या वर्षी झेंडू जरा कमी लाव. दुसरी काही फुलं लाव. शेवंती वगैरे.

कांचनला पापा.

तुझा,
मामा

*

हर्नडन
२० ऑक्टोबर १९८६

ती. मामा,

मामा, मी चारूची बायको आहे आणि तुमच्या बहिणीची मुलगी आहे. दोन्ही बाजूंनी मला थापा ओळखता येतात.

सराव म्हणे. पहिल्यांदा खाली आलात, धावपट्टी जवळ आली आणि एकदम मोठ्ठा आवाज करून निघून गेलात. डेल रेडिओपाशी होता, त्यानं माझ्याकडे पाठ केली. सराव असता तर पाठ कशाला करेल? दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा टेकलात आणि थांबेचनात, पार शेवटपर्यंत, गवत आलं तेव्हा थांबलात. मी पळत आले. चारू उतरलेला, त्याचा शर्ट पिळून काढण्यासारखा. तुम्ही सीटवरच बसून राहिलात, उठेचनात. मग उठलात, आणि चारू तुमच्या पाया पडला. गणपतीला 'हाय' म्हणणारा माणूस, तो डांबरावर वाकून पाया पडला, आणि कानात काहीतरी बोलला. तुम्ही मान हलवलीत.

घरी येऊन दोघांनी श्रीखंड चमच्यानं नुसतं फिरवलं. तुम्ही लिहिता फार छान होतं. दुसऱ्या दिवशी चारूनं अंगणातला सगळा झेंडू उपटून टाकला, म्हणाला थंडी पडणारच आहे. फुलं डोलत होती अजून. आणि तुम्हालाही झेंडू नको झालाय. मला काही कळत नाही, दोघांच्या डोक्यावर परिणाम झालाय का?

मला कळतंय ते एवढंच की वर तुमच्या छातीत दुखलं. म्हणून चारू घाबरला, म्हणून उतरता येईना, म्हणून तुम्ही सीटवरून उठला नाहीत. आणि मला सांगायचं नाही असं ठरलं. मामा, हा पोरखेळ नाही. मी तुमच्या पत्राची वाट बघणार होते, पण माझ्यानं राहवत नाही. हे पाकीट टपालात टाकते आणि विनीताला फोन करते. तुम्ही कायमचे रागावलात तरी चालेल.

पद्मजा

*

वेस्ट विंडसर
२९ ऑक्टोबर १९८६

चि. पद्मजा,

तुझं पत्र येण्याआधी विनीता आली, ऑफिस अर्धवट टाकून. मग डॉक्टर, मग पट्ट्यावर चालवणं, छातीला वायरी, रक्त, सगळं. दोन दिवस मी कैदी होतो. डॉक्टर म्हणाला, गेल्या वर्षीपेक्षा हृदय चांगलं आहे, काय केलंत? विनीता म्हणाली, तेच मला जाणून घ्यायचंय. मग सांगावं लागलं. तिनं संध्याकाळपर्यंत अबोला धरला, आणि मग पिठलं करता करता विचारलं, 'बाबा, वरून कसं दिसतं?' नातू आता मित्रांना घेऊन येतो आणि मला त्यांच्यासमोर बसवतो. तेव्हा तुझ्यावर रागावलेलो नाही.

पण छातीत दुखलं नव्हतं. ही गोष्ट तुझ्यापासून लपवायची असं मी चारूला वचन दिलं होतं. आता तू मनात माझं आजारपण घेऊन बसलीस, म्हणजे वचन पाळून उपयोग नाही. मी ते मोडतो. शेवटपर्यंत वाच, मध्ये थांबू नकोस.

विमानाच्या डाव्या शेपटीच्या टोकाला बोटभर जाडीची एक नळी पुढे आलेली असते. वारा तिच्यात शिरतो आणि त्याच्या जोरावर वेग दाखवणारी सुई हलते. जमिनीवर तिला कापडाची टोपी घालून ठेवतात, उडायच्या आधी काढतात. आम्ही टोपी काढली आणि मग तू पूजेला आलीस. व्हॅम्पायर ठेंगणं, नळी तुझ्या हाताशी, खुंटीसारखी. तू हार तिथे अडकवलास. ओली फुलं, घट्ट गुंफलेली, आणि वर गंधाचं बोट. नमस्कार झाल्यावर हार मी स्वतःच्या हातानं काढला. नळीत डोकावून पाहिलं नाही. हे लक्षात ठेव, बघणं माझं काम होतं, तुझं नव्हतं.

धावपट्टीवर सुई ठीक चालली. वर चढताना आतल्या ओल्या पाकळ्या सरकल्या असाव्यात, बूच बसलं, आणि पाणी निघायचं खालचं बारीक भोक गंधानं बुजलेलं. हवा अशी आत कोंडली की सुई वेगाऐवजी उंचीमागे धावते, म्हणून वर जाताना ती जास्तच दाखवायला लागली, आम्हाला वाटलं विमान खुशीत आहे. खरी गंमत खाली येताना. सुई पडायला लागली. ती सांगत होती की वेग संपतोय, आता दगडासारखे कोसळाल. चारूनं बरोबर तेच केलं जे कुणीही करेल, वेग मिळवायला नाक खाली घातलं. सुई आणखी पडली. त्यानं आणखी घातलं. डोंगर समोर मोठे व्हायला लागले.

मला आमच्या तुकडीतला तो मुलगा आठवला.

पण वेग संपत आला की हातातली दांडी सैल लागते ग, आणि चारूच्या हातात ती जड झाली होती. वारा काचेवर किंचाळत होता. मी म्हटलं, 'चारू, सुई खोटं बोलतेय. तिच्याकडे बघू नकोस. नाक वर घे, हळू.' त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. आणि ऐकलं. माझा रुमाल मी सुईच्या त्या तबकडीवर खोचला, म्हणजे नजर तिकडे जायला नको.

मग उतरणं. वेग कळत नसताना उतरायचं म्हणजे इंजिनाचे फेरे बघायचे आणि समोर नाक कुठे दिसतं ते बघायचं. ते आकडे माझ्या अंगात मुरलेत. पहिल्यांदा आम्ही फार जोरात आलो, दुसऱ्यांदा थोडं कमी. दोन्ही वेळा मीच म्हटलं, परत वर. आळशी इंजिन आहे, म्हणून मी त्याला जोर शेवटपर्यंत पुरता कमी करू दिला नाही. तिसऱ्यांदा म्हटलं, आता टेकव. त्यानं असं टेकवलं की मला कळलंच नाही. मी दांडीला हात लावलेला नाही पद्मजा. उतरवलं त्यानं. मी नुसता बडबडत होतो.

मी सीटवरून उठलो नाही कारण पायांत त्राण नव्हतं. सुटलो, एवढंच मनात. आनंदानं माणसाचे पाय जातात हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं.

तू येईपर्यंत चारू शेपटीकडे जाऊन आला होता. नळीतून केशरी पाकळी डोकावत होती. तो माझ्या पाया पडला तेव्हा आभार मानले नाहीत त्यानं. कानात म्हणाला, 'मामा, पद्मजाला कधीच सांगू नका. ती जन्मभर स्वतःला खात राहील.' एवढंच. जेमतेम जिवंत उतरलेला माणूस, त्याला पहिली काळजी ही.

तू लाकडाला घाबरत होतीस, आणि आमची तारांबळ फुलांनी उडवली. मी तर आता हसतोय. तूही हस.

तुझा,
मामा

*

हर्नडन
५ नोव्हेंबर १९८६

ती. मामा,

हसले नाही. आधी रडले, मग तुमच्यावर संतापले, मग देवावर, मग कांचन शाळेतून आली म्हणून तोंड धुतलं. तुम्ही लिहिता तुझं काम नव्हतं. बरं. पटवून घ्यायला वेळ लागेल, पण घेईन. रात्री एकदा झोप लागली की सकाळी लक्षात येतं, दोघंही आहेत. चारू समोर बसून टोस्ट खातोय आणि चुरा सांडतोय. इतकं बरं वाटतं ते बघून की चुऱ्यावरून मी बोललेही नाही. त्यानं विचारलं, तुझी तब्येत बरी आहे ना?

त्याला मी सांगितलं नव्हतं की मला कळलंय. कसं सांगावं ते सुचेना. मला वाटायचं ह्याला माझ्या भीतीचं काहीच नाही, आपला कोशिंबिरीच्या आवाजात बोलतो. आणि तो माणूस माझ्यासाठी एवढं गिळून तीन आठवडे गप्प बसला होता. लग्नाला अकरा वर्षं झाली, आणि मला आत्ता कळतंय की तो घाबरतो तेव्हाच तसा बोलतो.

तर परवा पाडवा होता. पाट मांडला, त्याला बसवलं, ओवाळलं. झेंडू अंगणात उरलाच नव्हता, म्हणून डेलच्या बायकोकडून मागून आणला, तिच्या कुंडीत अजून होता. हार केला, घट्ट, दसऱ्याला केला होता तस्साच. आणि चारूच्या गळ्यात घातला. म्हटलं, हा हार इथेच बरा. इथे कुठली नळी नाही.

तो पाटावर बसल्या बसल्याच रडला, हार घातलेला तसाच. कांचन म्हणाली, 'व्हाय इज डॅडी क्रायिंग, इट्स जस्ट फ्लावर्स.' आम्ही दोघं इतके हसलो की निरांजन विझलं.

एक वस्तू सोबत पाठवतेय. आईच्या खणाच्या चोळीचा तुकडा होता, त्याची मी नळीची टोपी शिवली आहे, लाल फीत लावून, हातभर लांब, म्हणजे आंधळ्यालाही दिसेल. माप चारूकडून घेतलं. तुम्ही बघा, पास करा आणि परत पाठवा. नवा नियमही मीच केलाय. पूजा यापुढे उतरल्यावर. आधी देवानं काम करावं, मग फुलं मिळतील. डेलनं तो शेडच्या दारावर लिहून लावलाय.

आता शेवटचं. ओवाळल्यावर चारूनं विचारलं, ओवाळणी काय हवी? दरवर्षी मी साडी म्हणते आणि तो चुकीच्या रंगाची आणतो. या वर्षी मी म्हटलं, उजवीकडची सीट. एकदा. वसंतात, हवा चांगली असेल त्या दिवशी, आणि तुम्ही आधी येऊन नाणं वाजवून गेल्यावर.

भीती गेलेली नाही मामा. पण तुमच्या तुकडीतला तो मुलगा एकटा होता असं तुम्ही लिहिलंत ना, ते डोक्यातून जात नाही. चारूच्या शेजारी कुणीतरी हवं. सुई खोटं बोलते का ते मला कळणार नाही, पण चारू खोटं बोलत असला तर मला लगेच कळेल.

विनीताला आणि तिच्या मुलाला घेऊन या. पुरणपोळ्या करते. यावेळी तुमच्यासाठी.

तुमची,
पद्मजा